न सुटणारा ब्रेक

गाड्यांच्या मासिकांत ब्रेकची परीक्षा एकाच आकड्यावर होते. ताशी शंभरवरून शून्यावर यायला किती मीटर लागले? चाळीस म्हणजे छान, पन्नास म्हणजे बेताचं. पण पॅडलवरून पाय उचलल्यावर ब्रेक सुटला का, आणि पूर्ण सुटला का, हे कुणी मोजत नाही. तो सुटतोच, असं आपण धरून चालतो.

मीही तेच धरून चाललो होतो. मग गेल्या वर्षी एका न सुटणाऱ्या ब्रेकशी दोन दिवस झटापट करावी लागली (ती हकीकत पुढे येतेच आहे) आणि त्या निमित्ताने वाचत गेलो. वाचता वाचता लक्षात आलं की डिस्क ब्रेकचा सव्वाशे वर्षांचा इतिहास आपल्याला अर्धाच सांगितला जातो. चाक धरायचं कसं, हे तुलनेने लवकर जमलं. धरलेलं सोडायचं कसं, यात मात्र चांगल्या चांगल्या कंपन्यांनी हात पोळून घेतले. आजचा लेख त्या दुसऱ्या अर्ध्या भागाबद्दल.

आधी दोन मिनिटं प्राथमिक गोष्टी. ज्यांना माहीत आहेत त्यांनी उडी मारावी.

ब्रेकचे मुख्य प्रकार दोन. ड्रममध्ये चाकाबरोबर एक बंद डबा फिरतो आणि आतून दोन चंद्रकोरीसारखे शू बाहेर सरकून त्याच्या भिंतीला घासतात. डिस्कमध्ये चाकाबरोबर एक उघडी तबकडी फिरते आणि तिला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटीत धरतात. ही चिमटी म्हणजे कॅलिपर. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये व्हर्नियर कॅलिपर हातात घेतलेल्यांना नाव कुठून आलं ते सांगायला नको. शाळेत वापरलेल्या सायकलचा ब्रेक आठवा. तोही तत्त्वाने डिस्क ब्रेकच, फक्त तबकडीच्या जागी चाकाची रिम. त्या सायकलची चिमटी उघडायला एक स्प्रिंग असायची. ती गंजली की ब्रेकचे रबर रिमला चिकटून राहायचे आणि आपण उगाच जोर लावून पॅडल मारत बसायचो. तोच प्रश्न मोटारीत जास्त गंभीर होतो.

डिस्क ब्रेकचं पेटंट १९०२ सालचं आहे. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा फ्रेडरिक लँचेस्टर हा माणूस. याच्याबद्दल स्वतंत्र लेख होईल, कारण विमानाच्या पंखांच्या सिद्धांतापासून युद्धाच्या गणितापर्यंत त्याने सगळीकडे हात घातला होता. त्याने चाकाला पातळ धातूची तबकडी लावली आणि तिला चिमटीत धरायची योजना केली. कल्पना आजच्यासारखीच. पण घासायला लावायचं काय? त्याने तांबं लावलं. तांबं आणि लोखंड घासल्यावर जो किंचाळणारा आवाज यायचा त्याने घोडे नक्कीच बिथरत असणार. शिवाय तेव्हाचे रस्ते धुळीचे, आणि धूळ बसून तांबं भराभर झिजायचं. कल्पना बरोबर होती, पण तिच्याजोगा पदार्थच अजून नव्हता.

तो पदार्थ आणला हर्बर्ट फ्रूडने. हा डर्बीशरच्या डोंगराळ भागात राहायचा. तिथले गाडीवान उतारावर चाकाच्या ब्रेकला जुन्या बुटाचं चामडं बांधायचे, ते बघून त्याला घर्षणाच्या चांगल्या पदार्थाची कल्पना सुचली अशी गोष्ट सांगितली जाते. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात त्याने ॲस्बेस्टॉसची लायनिंग बनवली. आवाज गेला, उष्णता सोसायची ताकद आली. फेरोडो हे ब्रेक पॅडचं नाव तुम्ही स्पेअर पार्टच्या दुकानात पाहिलं असेल, ते फ्रूड आडनावाची अक्षरं फिरवून केलेलं आहे. (ॲस्बेस्टॉसने फुप्फुसाचे रोग होतात हे पुढे कळलं आणि बऱ्याच देशांनी ते बंद केलं. तरीही पॅड कुठलाही असो, ब्रेकवरची धूळ फुंकर मारून उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा.)

मात्र या पदार्थाचा फायदा आधी ड्रमला झाला, डिस्कला नाही. ड्रमचा एक गुण असा की चाक फिरताना शूला स्वतःच आत ओढून घेतं, त्यामुळे पायाला कमी जोर लागतो. आणि दुसरा, आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा गुण म्हणजे त्यात दणकट स्प्रिंगा असतात. पाय उचलला की त्या शूंना फाटकन मागे खेचतात. धरायचं काम पायाचं, सोडायचं काम स्प्रिंगचं. विषय संपला.

मग जोर पोचवायचा कसा, हा प्रश्न. सुरुवातीला दांडे आणि केबल होत्या. चारही चाकांना सारखा जोर मिळेल असं त्यांचं माप जुळवणं ही मेकॅनिकची रोजची कटकट. त्यावरचा उपाय माल्कम लॉगहेड नावाच्या अमेरिकन माणसाचा. पाण्यासारखा द्रव नळीत भरला की एका टोकाला दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा शाळेत घोकलेला पास्कलचा नियम त्याने ब्रेकला लावला. आडनावाचा लोक भलताच उच्चार करायचे म्हणून स्पेलिंग बदलून लॉकहीड केलं. हो, विमानांची लॉकहीड तीच. माल्कम आणि त्याचा भाऊ ॲलन यांनीच ती कंपनी काढली होती. १९२१ च्या ड्यूझेनबर्ग मॉडेल ए वर चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक आले, १९२४ मध्ये क्रायस्लरने ते मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणले. हेन्री फोर्डचा मात्र नळीतल्या द्रवावर विश्वास बसेना. त्याच्या कंपनीने १९३९ सालापर्यंत वाट पाहिली.

इथे एक विषयांतर, पण ते पुढे कामाला येईल. आपल्याकडे सगळे ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात. ते खनिज तेल नाही आणि नसावंच. त्या काळी ब्रेकच्या द्रवात प्रामुख्याने एरंडेल आणि अल्कोहोल असायचं! कारण सोपं आहे. दाब अडवायला रबराची सील लागतात, आणि नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगतं. एरंडेलात फुगत नाही. आजचा द्रव रासायनिक आहे, ग्लायकॉल ईथर जातीचा, पण अट तीच आहे: रबराशी जमवून घ्या. चुकून साधं इंजिन ऑइल ब्रेकच्या टाकीत गेलं तर सगळी सील फुगतात आणि पिस्टन जागच्या जागी अडकतात. म्हणजे ब्रेक लागतो, सुटत नाही.

आता उष्णता. हजार किलोची गाडी ताशी शंभरने जात असेल तर तिची गतिज ऊर्जा साधारण ३८६ किलोज्यूल भरते. एवढ्यात लिटरभराहून जास्त पाणी नळाच्या तापमानापासून उकळीला येतं. म्हणजे हायवेवर एकदा करकचून ब्रेक मारला की सात-आठ जणांचा चहा. हे चार सेकंदांत घडलं तर ब्रेकची ताकद झाली सुमारे १३० अश्वशक्ती, जी आपल्या हॅचबॅकच्या इंजिनात नसते. पाचशे मीटर उंचीचा घाट बाराशे किलोच्या गाडीने उतरताना सुमारे ५.९ मेगाज्यूल ऊर्जा बाहेर पडते. सगळी ब्रेकवर घेतली तर अठरा लिटर पाणी उकळेल. (म्हणून घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरायचा. बाकीची इंजिन खातं.)

ड्रम बंद असल्यामुळे ही उष्णता आत कोंडते. शिवाय तापलेला ड्रम प्रसरण पावून शूपासून लांब जातो, पॅडल खाली खाली जातं. डिस्क उघडी असते, वारा लागतो. विमानांचे वेग वाढले तसे विमानवाल्यांना डिस्क आठवल्या. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या टायगर रणगाड्यातही डिस्क ब्रेक होते. युद्ध संपलं आणि ही विद्या मोटारींकडे आली.

आणि इथे आपली खरी गोष्ट सुरू होते, एका चिमुकल्या गाडीपासून.

पॉवेल क्रॉस्ली हा सिनसिनाटीचा उद्योगपती. स्वस्त रेडिओ विकून श्रीमंत झालेला, बेसबॉलच्या सिनसिनाटी रेड्स संघाचा मालक. त्याला स्वस्त, छोटी मोटारही विकायची होती, तीही लांबलचक गाड्यांच्या अमेरिकेत. १९४९ साली त्याने आपल्या गाड्यांना चारही चाकांवर डिस्क ब्रेक लावले. विमानासाठी बनवलेल्या गुडइयर-हॉली ब्रेकचाच हा अवतार. चार वर्षांनी जॅग्वारने शर्यतीत जे गाजवलं, ते क्रॉस्ली किराणा आणायला जाणाऱ्या गृहिणीला आधीच विकत होता. त्याच्या हॉटशॉट नावाच्या मॉडेलने ३१ डिसेंबर १९५० ला सेब्रिंगची पहिलीवहिली शर्यत हँडिकॅपवर जिंकली. थांबायच्या बाबतीत ब्रेक उत्तम होते.

पण अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. विमान धावपट्टीवर उतरतं, हँगरमध्ये जातं, त्याला हे खारट चिखलाचं पाणी रोज लागत नाही. क्रॉस्लीला लागलं. कॅलिपर ॲल्युमिनिअमचे, जवळ पोलादी भाग, मध्ये मिठाचं पाणी. ज्यांनी बारावीला रसायनशास्त्र केलंय त्यांना ही बॅटरीच वाटेल. ॲल्युमिनिअम झिजून त्याची पांढरी पूड सरकत्या भागांत भरली आणि कॅलिपर जाम व्हायला लागले. ब्रेक लागायचे, पण मोकळे व्हायचे नाहीत. १९५० च्या मध्यात कंपनीने निमूटपणे पुन्हा ड्रम लावले. बऱ्याच मालकांनी आपल्या गाडीच्या डिस्क काढून ड्रम बसवून घेतले. १९५२ मध्ये क्रॉस्लीची मोटार बंदच झाली. कारणं इतरही होती, पण ब्रेकची बदनामी काही मदतीला आली नसणार. जाम कॅलिपर हा रोग किती जुना म्हणाल, तर इतका: मोटारीतल्या कॅलिपरच्या पहिल्याच पिढीला तो झाला.

दुसरा अंक इंग्लंडमध्ये. डनलॉप कंपनी विमानांचे डिस्क ब्रेक बनवत होती, जॅग्वारला शर्यती जिंकायच्या होत्या. दोघांनी मिळून सी-टाइप गाडीवर प्रयोग केले. १९५२ च्या जूनमध्ये स्टर्लिंग मॉसने फ्रान्समधल्या ऱ्हाँस इथे डिस्क लावलेल्या गाडीने शर्यत जिंकली. १९५३ ला ल माँची चोवीस तासांची शर्यत टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी जिंकली, सरासरी वेग ताशी १७० किलोमीटर. शंभर मैलांची सरासरी तिथे पहिल्यांदाच ओलांडली गेली. लांबलचक सरळ रस्त्याच्या शेवटी फेरारीवाल्यांना ब्रेक दाबावा लागायचा त्याच्या बऱ्याच पुढे जाऊन जॅग्वारवाले दाबायचे, आणि हे चोवीस तास. दोन वर्षांनी मर्सिडीजने ड्रमच ठेवले आणि मदतीला ड्रायव्हरच्या मागे उघडणारी एक मोठी फळी लावली, वाऱ्याने वेग कमी व्हावा म्हणून! (त्याच १९५५ च्या शर्यतीत ऐंशीहून जास्त माणसं मेली. तो विषय वेगळा आणि फार गंभीर आहे, इथे दोन ओळींत उरकण्यासारखा नाही.)

जिंकण्याच्या या कथा सगळीकडे वाचायला मिळतात. त्यामागची डोकेदुखी कमी सांगितली जाते. डिस्क ब्रेकमध्ये ड्रमसारखा स्वतः ओढून घेण्याचा गुण नसतो, म्हणून जोर प्रचंड लागतो. आजच्या साध्या कारचा ५४ मिलिमीटर व्यासाचा पिस्टन घ्या. जोरात ब्रेक मारल्यावर नळीत ७० बार दाब असेल तर तो पिस्टन पॅडला १६०० किलोच्या जोराने दाबतो. एवढ्या जोराचा उपयोग व्हायचा तर पॅड डिस्कच्या अगदी जवळ हवा. फार मागे गेला तर पुढच्या वेळी पॅडल खोल जाईल, ड्रायव्हरची छाती धडधडेल. सुरुवातीला नेमकं हेच व्हायचं: वळणावर डिस्क जराशी डुगडुगली की पिस्टनना मागे ढकलायची. उलट अजिबात मागे गेला नाही तर घासत राहील. तापलेली डिस्क जाडीने वाढते, म्हणजे पॅडकडेच येते. ड्रमच्या अगदी उलट! म्हणजे घासला की तापला, तापला की आणखी घासला.

तर पिस्टनने मागे यायचं, पण मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. आणि पॅड झिजत जाईल तशी ही जागाही पुढे सरकत गेली पाहिजे, आपोआप. मोठी स्प्रिंग लावून भागत नाही, ती फार मागे नेईल. डनलॉपने पिस्टनच्या आत एक पिन आणि तिच्यावर घट्ट सरकणारी बुश, असा नाजूक प्रकार केला. अमेरिकेत शेव्हर्लेने १९६५ च्या कॉर्व्हेटमध्ये वेगळाच मार्ग काढला. पिस्टनच्या मागे हलक्या स्प्रिंगा घालून पॅड कायम डिस्कला अलगद टेकलेलेच ठेवले. म्हणजे सोडायचंच नाही! दर चाकाला चार, एकूण सोळा पिस्टन. थांबायची झकास, पण ज्यांची कॉर्व्हेट नुसती गॅरेजमध्ये उभी असायची त्यांचे सिलिंडर आतून गंजायचे आणि गळायचे. त्यांच्यात स्टेनलेस स्टीलच्या नळ्या बसवून देणं हा पुढे एक छोटा धंदाच झाला.

अखेर जे उत्तर टिकलं ते मला यंत्रशास्त्रातल्या सर्वात सुंदर युक्त्यांपैकी एक वाटतं. कॅलिपरच्या सिलिंडरमध्ये एक खाच, त्या खाचेत चौकोनी कापाची रबराची रिंग. पिस्टन त्या रिंगमधून जातो. ब्रेक दाबला की पिस्टन पुढे जातो, रिंगची आतली कड त्याला चिकटून त्याच्याबरोबर पुढे वाकते. पाय उचलला की रबर आपल्या मूळ आकाराला येतं आणि पिस्टनला तेवढंच मागे आणतं. पॅड झिजला असेल तर पिस्टन रिंगमधून जास्तीचा घसरतो आणि नव्या जागी बसतो. द्रव अडवणं, मागे खेचणं आणि झिजेचा हिशेब ठेवणं, तीन कामं एका रिंगमध्ये. किंमत काही रुपये. १९६० च्या दशकात ही पद्धत रुळली आणि आज तुमच्या-माझ्या गाडीत तीच आहे.

पण हिशेब बघा. दाबायला १६०० किलो, सोडायला रबराची एक रिंग. पिस्टनवर गंजाचा एक फोड आला किंवा धुळीचं आवरण फाटून पाणी आत गेलं, तर त्या रिंगची ताकद पुरत नाही. दाबणारा पाय गंजावर सहज मात करतो, रिंग करू शकत नाही. म्हणून जाम झालेला कॅलिपर बहुतेक वेळा लागलेल्या अवस्थेत जाम होतो.

डिस्क घरोघरी नेली सिट्रोएनच्या डीएस गाडीने, १९५५ च्या पॅरिस प्रदर्शनात. तिच्यात ब्रेकचं पॅडलही नव्हतं, मशरूमसारखं एक रबरी बटण होतं. मग खर्च कमी करायची वेळ आली. डिस्कच्या दोन्ही बाजूंना पिस्टन देण्याऐवजी एकाच बाजूला द्या आणि अख्खा कॅलिपरच दोन पिनांवर सरकता ठेवा. पिस्टन आतला पॅड दाबेल, प्रतिक्रियेने कॅलिपर सरकून बाहेरचा पॅड ओढेल. न्यूटनचा तिसरा नियम फुकटात मिळतो. हा सरकता कॅलिपर स्वस्त, आटोपशीर, म्हणून सगळीकडे पसरला. पण त्याने सोडण्याच्या प्रश्नात एक नवीन दुवा घातला: त्या दोन पिना. त्यांना मागे खेचायला काहीच नाही, रबराची रिंगसुद्धा नाही. त्या फक्त ग्रीसवर सहज सरकायला हव्यात.

आता आमची हकीकत. आई-बाबा रत्नागिरीला असतात. त्यांची हॅचबॅक पावसाळाभर घराशेजारी उभी होती. समुद्र हाकेच्या अंतरावर, हवेत मीठ. क्रॉस्लीच्या गिऱ्हाइकांना मीठ रस्त्यावरून मिळायचं, आम्हाला वाऱ्यावरून मिळतं. सप्टेंबरात आईला डोळ्यांच्या तपासणीसाठी कोल्हापूरला न्यायचं होतं. जाताना आंबा घाट चढायचा, येताना उतरायचा. दोन दिवस आधी मी पोचलो, गाडी काढली, पाच किलोमीटर फिरवली. गाडी डावीकडे ओढत होती आणि उतरल्यावर पुढच्या डाव्या चाकातून जळका वास. चाकाजवळ हात नेववेना.

अशा अवस्थेत घाट उतरायचा म्हणजे काय, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. ब्रेकचा द्रव हवेतलं पाणी शोषतो. डॉट-४ प्रतीचा कोरा द्रव किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात ३.७ टक्के पाणी शिरलं की ही हमी १५५ अंशांवर येते. आधीच तापलेल्या चाकात तो उकळला की वाफ होते, वाफ दबते, आणि पॅडल तळाला टेकतं. मागे आई-बाबा बसलेले.

गावातल्या एका गॅरेजने बघितलं न बघितलं केलं आणि सांगितलं, “दोन्ही कॅलिपर बदला, पार्ट आठ दिवसांनी येतील.” डॉक्टरांची तारीख परवाची. शेजारी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले काका राहतात. त्यांच्याकडे गेलो. ते म्हणाले, “बदलायचं ते मागाहून बघू. आधी कोण सोडत नाही ते तर शोध.”

मला हे वाक्य डीबगिंगवरच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा आवडलं.

संशयित तीन. एक, कॅलिपरला जाणारा रबरी होज. तो जुना झाला की आतून त्याचा पापुद्रा सुटतो आणि झडपेसारखं काम करतो: पायाच्या जोराने द्रव आत जातो, परत येत नाही. दोन, पिस्टन. तीन, पिना. सपाट जागेवर गाडी उभी केली, मागच्या चाकांना दगड लावले, जॅक लावून खाली स्टँड दिला (नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली हात घालायचा नाही, हे काकांनी तीनदा बजावलं) आणि चाक काढलं. डिस्क हाताने हलेना. काका म्हणाले, “निपल उघड. डिस्क सुटली तर दाब अडकलाय, होज बघ. नाही सुटली तर लोखंड अडकलंय.” निपल पाव फेरा उघडला, थेंबभर द्रव आला, डिस्क तशीच. होज निर्दोष.

मग कॅलिपर उतरवला आणि तारेने बांधून ठेवला, कारण त्याला होजवर लटकत ठेवलं तर निर्दोष होजही गुन्हेगार होतो. निपल उघडं ठेवून पिस्टनवर जुना पॅड धरला आणि जी-क्लॅम्पने दाबला. सावकाश, पण न अडखळता आत गेला. आवरण शाबूत. राहिल्या पिना. वरची बोटाने सरकली. खालचीचं रबरी बूट फाटलेलं, आणि ती पिन ब्रॅकेटमध्ये अशी बसलेली, की जणू ओतकामातच एकत्र केली आहे.

गंज सोडवायचा स्प्रे, चहा, पाना लावून डावी-उजवीकडे एकेक अंश फिरवणं, पुन्हा स्प्रे. असे अडीच तास. शेवटी ती लाल चिखलासकट बाहेर आली. नवीन पिना, बूट आणि सिलिकॉन ग्रीसची पुडी बाजारात तीनेकशे रुपयांना मिळाली. दुकानदार साधं ग्रीस फुकट द्यायला तयार होता. तेच ते एरंडेलाचं गणित: खनिज ग्रीसने बूट फुगतं आणि पिन पुन्हा धरते. ब्रॅकेटचं भोक आतून साफ केलं, पॅड जिथे सरकतात त्या कडा घासल्या. पॅड एका बाजूने जास्त झिजले होते म्हणून दोन्ही चाकांचे नवीन टाकले.

मग हवा काढायचा कार्यक्रम. बाबा ड्रायव्हरच्या जागी, मी चाकाशी, काका खुर्चीत. “दाब... धर...” मी निपल उघडायचो, बंद करायचो, मग “सोड.” बाबांनी एकदा घाईने “सोड” च्या आधीच पाय उचलला तेव्हा काकांनी ज्या नजरेने पाहिलं, तसं बाबांकडे आजवर आजोबांनीच पाहिलं असेल. :)

तेवढ्यात काकांनी एक गोष्ट सांगितली. आताच्या बसच्या पार्किंग ब्रेकला हवा लागते ती ब्रेक लावायला नव्हे, सोडायला. लावायचं काम दणकट स्प्रिंग करते. हवा गेली तर बस थांबते, गाडी निसटत नाही. “आमच्याकडे सोडायला मेहनत. तुमच्या कारमध्ये सोडायचं काम रबरावर टाकून सगळे मोकळे.”

दुसऱ्या दिवशी पंधरा किलोमीटर फिरवली, थांबवल्यावर दोन्ही चाकं हाताला सारखीच कोमट लागली, आणि मगच कोल्हापूरला गेलो. आईचा मोतीबिंदू अजून पिकलेला नाही. येताना आंबा घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. एक सांगतो, हे काम मी काका शेजारी बसले होते म्हणून केलं. पहिल्यांदा करत असाल तर जाणकार माणूस जवळ हवाच. आणि पिस्टन बाहेर काढायची वेळ आली तर कॉम्प्रेसरची हवा वापरू नका. तो गोळीसारखा सुटतो आणि बोटं मध्ये सापडतात.

आपल्याकडे ॲम्बेसेडर आणि फियाटच्या जमान्यात सगळा ड्रमचाच कारभार होता. चाकणच्या पल्सरने २००१ नंतर बाइकच्या पुढच्या चाकावरची डिस्क गल्लोगल्ली नेली आणि ड्रम म्हणजे जुनाट, असं आमच्या पिढीच्या डोक्यात बसलं. आता गंमत बघा. इलेक्ट्रिक गाडी बराचसा वेग मोटारनेच कमी करते, ऊर्जा बॅटरीत परत जाते. घासणारा ब्रेक क्वचित लागतो. न वापरलेली डिस्क गंजते, न हललेल्या पिना धरतात, म्हणजे आमच्या पावसाळाभर उभ्या गाडीसारखीच गत, तीही रोज चालणाऱ्या गाडीत. म्हणून फोक्सवागनने २०२० मध्ये विक्रीला आणलेल्या आयडी-३ या इलेक्ट्रिक गाडीला मागच्या चाकांवर ड्रम दिले. बंद डबा, आत पाणी-धूळ सहसा जात नाही, आणि शू मागे खेचायला स्प्रिंगा.

हे मी काकांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले रेल्वेने सोडण्याचा प्रश्न कधीच सोडवलाय, १८७२ च्या वेस्टिंगहाउसचं वाच. वाचतोय. जमलं तर पुढच्या शनिवारी.